वर्ग न सोडता एम.एड.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर केला. त्यातल्या एक वर्षाच्या बी.एड.वर भरपूर चर्चा झाली, कारण तो असंख्य तरुणांच्या नोकरीचा प्रश्न होता. त्याच मसुद्यातली दुसरी एक तरतूद मात्र फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. शिक्षक किंवा शिक्षण-प्रशासक म्हणून नोकरीत असलेल्यांसाठी दोन वर्षांचे अर्धवेळ एम.एड. सुरू करावे, असे त्यात सुचवले आहे. मला ही तरतूद जास्त महत्त्वाची वाटते. 2014 च्या नियमावलीने एक वर्षाचे एम.एड. दोन वर्षांचे केले आणि 2015-16 पासून ते तसे सुरू झाले. वर्षाला किमान 200 दिवस आणि आठवड्याला 36 तास महाविद्यालय चालले पाहिजे, असा दंडक त्यात आहे. रोज सकाळी शाळा उघडणाऱ्या शिक्षकाला या वेळापत्रकात बसताच येत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर दोन वर्षांची रजा मिळवायची, बहुधा बिनपगारी. नाही तर शाळेच्या मस्टरवर आणि महाविद्यालयाच्या मस्टरवर एकाच दिवशी सही दिसेल अशी काही तजवीज करायची. पहिली वाट फार थोड्यांना परवडते. दुसऱ्या वाटेने पदवी मिळते, पण शिकणे होत नाही. शिक्षणशास्त्राचा सखोल अभ्यास ज्याला सर्वांत उपयोगी पडेल, नेमका तोच माणूस नियमाने या अभ्यासाबाहेर राहिला.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी थोडा खुलासा हवा. डी.एड. (आता डी.एल.एड.) आणि बी.एड. या शिक्षक होण्यासाठी लागणाऱ्या व्यावसायिक पात्रता आहेत. एम.एड. ही त्यापुढची पदवी. ती मिळाली की अध्यापक महाविद्यालयात शिकवता येते, शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्थांत काम करता येते, शैक्षणिक प्रशासनातही तिचे वजन असते. याच्या शेजारी एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही दुसरी पदवी आहे. ती एनसीटीईच्या कक्षेत येत नाही, तिला बी.एड.ची अट नसते, आणि दूरस्थ पद्धतीने ती करता येते. इग्नूमध्ये या एम.ए.साठी किमान दोन आणि कमाल चार वर्षांची मुदत असते. त्यामुळे आज नोकरी करून शिक्षणशास्त्र शिकणारे बहुतेक जण या दुसऱ्या दाराने आत येतात. त्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात, केंद्रप्रमुख असतात, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते असतात, पाठ्यपुस्तके तयार करणारे असतात. कुणाला मुख्याध्यापकपद खुणावत असते. कुणाला चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवडश्रेणीसाठी वाढीव पात्रता हवी असते. आणि काहींना वर्गात रोज पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. या सगळ्या हेतूंबद्दल मला आदर आहे, कारण पगार आणि बढती या कष्ट करणाऱ्या माणसाच्या रास्त अपेक्षा आहेत. समाजाने मात्र एवढे विचारायलाच हवे की या अभ्यासातून मुलांच्या पदरात काही पडते का.

शिक्षणशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखा मानावे, पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर ते इतर विषयांसारखे शिकवावे, ही शिफारस 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठापासून आणि शाळेपासूनही तुटलेल्या आहेत, हे आयोगाचे निदान होते. त्याला साठ वर्षे झाली. विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे विभाग आले, पण शाळेपासूनची तूट काही भरून निघाली नाही. माझे म्हणणे या तुटीबद्दलचे आहे. नोकरीतल्या शिक्षकासाठीचा अर्धवेळ अभ्यासक्रम ही पूर्णवेळ अभ्यासक्रमाची कमी दर्जाची, सवलतीची आवृत्ती आहे, असे आपण गृहीत धरत आलो. शिक्षणशास्त्राच्या बाबतीत हे गृहीतक चुकीचे आहे. या विद्येचा विषयच वर्गात घडतो. जो रोज वर्गात आहे तो या विद्येचा स्वाभाविक विद्यार्थी. त्याला मध्यभागी ठेवून पदव्युत्तर अभ्यास आखला तर विद्याशाखाही समृद्ध होईल आणि शाळाही.

हे विधान पोकळ वाटू नये म्हणून पहिलीतल्या वाचनाचे उदाहरण घेऊ. मूल वाचायला कसे शिकते याबद्दलचे जगातले बहुतेक संशोधन इंग्रजीवर झालेले आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे. देवनागरीत किंवा कन्नड लिपीत उच्चार बऱ्यापैकी ठरलेले, पण चिन्हांची संख्या मोठी. मुळाक्षरे, त्यांवरच्या मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरे असे मिळून काहीशे आकार मुलाला ओळखावे लागतात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की ही ओळख पक्की व्हायला इंग्रजी वर्णमालेच्या तुलनेत बराच जास्त काळ लागतो, ती प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते. पुढे ‘लिरिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन संशोधनात कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील वाडा तालुक्यातल्या मुलांचे सुरुवातीचे वाचन-लेखन तपासले गेले. अक्षरे, बाराखडी आणि फळ्यावरचे उतरवून काढणे यांतच वर्गाचा मोठा वेळ जातो आणि अर्थ समजून वाचण्याला, स्वतःच्या मनातले लिहिण्याला फार कमी जागा मिळते, हे त्यातून पुढे आले. आता पहिलीला शिकवणाऱ्या बाईंचा विचार करा. दिवाळीनंतरही वर्गातली काही मुले ‘कि’ आणि ‘की’ यांत अडखळतात. ही मुले मागे पडली आहेत, की लिपीच्या स्वभावानुसार जेवढा वेळ लागायला हवा तेवढाच त्यांना लागतो आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर बाई त्या मुलांशी कशा वागतील हे ठरते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात असे उत्तर मिळत नाही. त्यासाठी संशोधन वाचावे लागते, आपल्या वर्गातल्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि त्या नोंदी जाणत्या माणसासमोर मांडून तपासून घ्याव्या लागतात. पदव्युत्तर अभ्यास याहून वेगळा असूच नये.

दुसरे उदाहरण सर्वांच्या स्मरणातले आहे. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वादळ उठले. एकवीसला ‘वीस एक’, सत्तावीसला ‘वीस सात’ असे वाचण्याची पद्धत पुस्तकात दिली होती. जुनी नावेही सोबत होतीच. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील, हे पुस्तक तयार करणाऱ्या समितीचे म्हणणे असे की मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, लिहिताना मात्र उलटे, त्यामुळे मुले 27 ऐवजी 72 लिहितात; नव्या वाचनाने हा गोंधळ कमी होईल. विरोधकांना त्यात मराठीची मोडतोड दिसली. विधिमंडळात चर्चा झाली, अग्रलेख आले. या साऱ्या गदारोळात एक गोष्ट जवळजवळ नव्हतीच: महाराष्ट्रातल्या वर्गांतून गोळा केलेला पुरावा. किती मुले हा अदलाबदलीचा दोष करतात, कोणत्या संख्यांपाशी जास्त करतात, तिसरीपर्यंत तो आपोआप जातो का, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांचे काय होते, हे सांगणारे शे-दोनशे वर्गांतले अभ्यास आपल्या हाताशी असते तर वाद वेगळ्या पातळीवर झाला असता. असे अभ्यास करायला मोठा निधी लागत नाही. दुसरीच्या शिक्षकाच्या कपाटातल्या वह्या पुरतात. ज्या राज्यात दरवर्षी एम.एड. आणि एम.ए.चे इतके प्रबंध सादर होतात, त्या राज्यात हा प्रश्न मतांच्या बळावर लढवावा लागला, हे आपल्या पदव्युत्तर शिक्षणावरचे कठोर भाष्य आहे. बरेचसे प्रबंध ‘अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास’ या साच्यात निघतात. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, शिफारशी जोडायच्या. संशोधकाच्या स्वतःच्या वर्गाचा त्यात मागमूसही नसतो.

या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप संशोधनातूनच येतो. शिक्षकाने पदव्युत्तर पदवी घेतल्याने मुलांचे शिकणे सुधारते, याला आधार फार तोकडा आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या आकडेवारीवर रिव्हकिन, हानुशेक आणि केन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकाशिक्षकांत मोठा फरक आढळला, पण तो फरक पदव्युत्तर पदवीशी जोडता आला नाही. नॉर्थ कॅरोलायनातील क्लॉटफेल्टर, लॅड आणि व्हिगडोर यांच्या अभ्यासात तर नोकरीला लागून पाच वर्षे उलटल्यावर पदवी घेतलेले शिक्षक सरासरीने किंचित कमी प्रभावी दिसले. हे निष्कर्ष झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते आपल्याला एक नेमकी गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी घेतली की पगार आपोआप वाढतो, मग ती कोणत्या विषयातली आहे, तिचा वर्गाशी संबंध आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत सोपी, जवळची, लवकर मिळणारी पदवी शोधली जाणारच. तेव्हा पगारवाढीला जोडलेल्या कुठल्याही पदवीने मुलांचे भले होते असे मानणे चूक, हे मी पूर्ण मान्य करतो. आणि आपल्या निवडश्रेणीच्या अटीलाही तोच धोका आहे. आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांवर कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला प्रयोग मात्र या चित्रात एक महत्त्वाची भर घालतो. एरवीच्या शाळांत शिक्षकाचे शिक्षण-प्रशिक्षण आणि मुलांची प्रगती यांचा मेळ दिसला नाही. पण जिथे मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस ठेवला, तिथे जास्त शिकलेल्या-प्रशिक्षित शिक्षकांच्या वर्गांत सुधारणा अधिक झाली. बोनस हा उपाय मला पसंत नाही, त्याबद्दल वेगळे लिहावे लागेल. तरी या निष्कर्षातून एवढे उघड होते की शिक्षकाजवळचे ज्ञान असते, आणि ते वापरावे असे शाळेत काही घडले नाही तर पडून राहते. म्हणून पदवीचा अभ्यास आणि रोजचे शिकवणे यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बांधणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो.

असे बांधणे शक्य आहे का, याचे उत्तर मुंबईतच मिळते. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणावरचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला. जयपूरची दिगंतर, मध्य प्रदेशातील एकलव्य, उदयपूरची विद्या भवन सोसायटी, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था अशा, प्रत्यक्ष शाळांशी किंवा संशोधनाशी नाते असलेल्या संस्था त्याच्या घडणीत होत्या. नोकरी करणाऱ्यांसाठीच त्याची आखणी केलेली होती. वर्षातून ठरावीक काळ मुंबईत प्रत्यक्ष वर्ग, आणि उरलेले महिने आपापल्या कामाच्या ठिकाणी राहून वाचन, स्वाध्याय, क्षेत्रकार्य. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, बालविकास, अभ्यासक्रमाचा विचार, शाळा आणि समाज यांचे नाते, भाषा-गणित-विज्ञान शिकवण्याचे शास्त्र, असा त्याचा ऐवज होता. एकलव्यसारख्या संस्थेचे नाव त्यात असणे अर्थपूर्ण आहे. 1972 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे एकलव्यने सांभाळलेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सरकारी शाळांतल्या शिक्षकांसोबत बसून, प्रयोग करून, चुका दुरुस्त करत विज्ञानाची पुस्तके लिहिली गेली होती. शिक्षक हा विचार करणारा सहकारी आहे हे गृहीतक त्या कामातून या एम.ए.त उतरले. ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मधल्या आपल्या पुस्तकात शिक्षकालाच संशोधक मानण्याची भूमिका मांडली होती, आणि तिथल्या मुक्त विद्यापीठात 1971 पासूनच्या पहिल्या तुकड्यांत नोकरी करणाऱ्या शिक्षकांचा भरणा मोठा होता. म्हणजे ही कल्पना नवी नाही आणि ती करून पाहिलेली आहे. पुरेशा निगराणीने, पुरेशा मोठ्या प्रमाणावर मात्र आपण ती कधी केली नाही.

निगराणीचा शब्द आला की दुसरा आक्षेप समोर येतो. दूरस्थ किंवा अर्धवेळ पदवी म्हणजे दुकानदारी, असे अनेक प्राचार्य स्पष्ट सांगतात. स्वाध्याय दुसऱ्याकडून लिहून घेतले जातात, तयार प्रबंध विकत मिळतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड वाचून पास होता येते. हे घडते, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. पण त्याचे खापर अर्धवेळ पद्धतीवर फोडताना पूर्णवेळ महाविद्यालयांचा इतिहासही पाहायला हवा. महाराष्ट्रातल्या जवळजवळ तीनशे खासगी अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक शिक्षणावरचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. तो वाद पूर्णवेळ, प्रत्यक्ष उपस्थितीच्या संस्थांबद्दलचा होता. सुविधा नाहीत, अध्यापक नाहीत, आणि तरीही संस्था चालू, ही त्यांची अवस्था होती. हजेरीची सक्ती दर्जा राखत नाही, हे आपण मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. दर्जा राखतो तो मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातला नियमित, लेखी आणि प्रामाणिक व्यवहार. स्वाध्यायात त्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या, त्याने विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे, फसलेला तास आणि तो का फसला याचे विवेचन असे सगळे मागितले, आणि मार्गदर्शकाने सत्रातून एकदा तरी त्या वर्गात जाऊन बसायचे ठरवले, तर लेखनिकाकडून लिहून घेणे अवघड होते. बाजारात मिळतो तो सर्वसाधारण मजकूर. सातवीतल्या कोणत्या मुलाने 0.25 हा अपूर्णांक 0.3 पेक्षा मोठा का मानला आणि शिक्षकाने दुसऱ्या दिवशी त्याच्याशी काय बोलणे केले, हे बाजारात मिळत नाही. नोकरीतला विद्यार्थी असल्यामुळेच ही मागणी करता येते. पूर्णवेळ विद्यार्थ्याजवळ स्वतःचा वर्गच नसतो.

तिसरा आक्षेप शिक्षकांच्याच तोंडून ऐकू येतो आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. वेळ कुठे आहे? दोन शिक्षकांच्या शाळेत चार-पाच इयत्ता, त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, लिंका भरणे, मतदार यादीचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्याची मुभा ठेवली आहे. पण निवडणुकीचे काम मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे बीएलओच्या, रूपाने वर्षभर मागे राहते आणि शाळेच्या नावाखालचे कागदी काम वाढतच जाते. त्यावर 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सेवेचा पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होण्याची अट घातली. अशा माणसाला आणखी पदवीचा अभ्यास करा म्हणणे निर्दयपणाचे वाटू शकते. शिवाय दुसरी भीती आहे: शिक्षक स्वतःच्या परीक्षेच्या मागे लागला तर वर्गातली मुले वाऱ्यावर पडतील. दोन्ही गोष्टींचे वजन मान्य करूनही मला वाटते की यातून अभ्यास सोडून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही, अभ्यासाला नोकरीच्या वेळेत जागा द्यावी असा निघतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. हे तास आज तुकड्या-तुकड्यांच्या ऑनलाइन घटकांत, प्रमाणपत्र डाउनलोड करण्यात संपतात. दोन वर्षांचे 100 तास एका सलग अभ्यासक्रमात का मोजू नयेत? प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषद भरते. तिथे पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या शिक्षकाने आपला चालू अभ्यास मांडला तर त्याचा स्वाध्याय होईल आणि बाकीच्यांना परिपत्रक वाचनापेक्षा काही पौष्टिक मिळेल. प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात दोन-तीन महिन्यांची पगारी अध्ययन रजा आणि त्या काळात वर्गाला बदली शिक्षक, एवढी सोय तर राज्य सरकारने करायलाच हवी. देशातल्या शिक्षकांची संख्या 2024-25 च्या यू-डायस या सरकारी शालेय आकडेवारीत प्रथमच एक कोटीवर गेली. त्यांतल्या सगळ्यांनी एम.एड. करावे असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक केंद्रात असा अभ्यास केलेले दोन-तीन जण असले तरी आजूबाजूच्या शाळांना विचारायला जवळचे माणूस मिळेल.

भाषेच्या प्रश्नाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण मराठी शिक्षकाची खरी अडवणूक तिथे होते. शिक्षणशास्त्रातले आजचे बहुतेक मूळ लेखन इंग्रजीत आहे. पियाजे, वायगॉट्स्की, ड्यूई यांची मराठीत जी ओळख होते ती बहुधा परीक्षेच्या पुस्तकांतून, मुद्दे आणि उपमुद्दे घालून. मराठी माध्यमात शिकलेला, मराठीतून शिकवणारा, विचार मराठीत करणारा शिक्षक इंग्रजी लेखाच्या तिसऱ्या पानावर थांबतो, आणि त्याला वाटते आपली कुवतच नाही. ही त्याची कमतरता नाही. आपण त्याला वाचायला काही दिलेले नाही. खरे तर शिक्षकांसाठी मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेच्या आधी शालापत्रकाचे संपादन केले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले ते त्यांच्या मराठी लेखनातून राज्यभर पोचले. त्या अनुताई नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या होत्या. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी वर्गातले अनुभव तपासून, मांडून पुस्तके लिहिली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्याची पद्धत मुलांसोबत काम करत घडवली. हे सगळे अव्वल दर्जाचे शिक्षणशास्त्र आहे. तरीही पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या वाचन-यादीत त्याला संदर्भाची जागा मिळते, अभ्यासाची नाही. ताराबाईंची बालवाडी आणि माँटेसरींची पद्धत यांत काय सारखे, काय बदलले आणि आदिवासी पाड्यावर ते का बदलावे लागले, हा एम.ए.च्या विद्यार्थ्यासाठी पूर्ण सत्राचा विषय आहे. त्याच्या जोडीला जगातले ताजे संशोधन मराठीत आणणे हे विद्यापीठांचे आणि पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे काम. दरवर्षी निवडक तीस-चाळीस लेखांचे नीट केलेले मराठी अनुवाद उपलब्ध झाले तर दहा वर्षांत एक ग्रंथालय उभे राहील. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशिकमध्ये आहे. मराठीतून शिकणाऱ्या नोकरदारांचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाजवळ क्वचितच असेल. या कामाचे नेतृत्व त्याने करावे.

काही जण म्हणतील की एवढा खटाटोप करण्यापेक्षा नेमणुकीच्या वेळीच उच्चशिक्षित माणसे घ्यावीत. फिनलंडने 1979 पासून शाळेतल्या शिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक केली, हा दाखला नेहमी दिला जातो. पण तिथे त्या पदवीबरोबर शिक्षकाला अभ्यासक्रम ठरवण्याचे बरेच स्वातंत्र्यही मिळते आणि प्रबंध हा त्याच्या तयारीचा गाभा असतो. आपल्याकडे आज वर्गात उभा असलेला शिक्षक पुढची वीस-पंचवीस वर्षे तिथेच असणार आहे. आज पहिलीत बसलेल्या मुलांना तोच शिकवणार. नव्या नेमणुकांच्या धोरणाने त्या मुलांचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून अभ्यासक्रमाच्या शोधात असलेल्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की फी आणि मान्यता पाहून झाल्यावर संस्थेला आणखी काही विचारा. माझ्या स्वाध्यायावर कोण वाचून लिहिणार, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, प्रबंध माझ्या शाळेवर आणि मराठीत करता येईल का, माझ्या वर्गात येऊन कुणी बसणार का. या प्रश्नांना गोलमोल उत्तरे मिळाली तर ती पदवी सेवापुस्तिकेत नोंदवायच्या कामाची आहे, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. आणि एनसीटीईकडे मागणी अशी की अर्धवेळ एम.एड.चे अंतिम नियम ठरवताना तास आणि हजेरी मोजून थांबू नये. निम्म्याहून अधिक मूल्यमापन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेतील कामावर असावे, मार्गदर्शकामागे विद्यार्थ्यांची कमाल संख्या ठरवून द्यावी, आणि पूर्ण झालेला प्रत्येक प्रबंध जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, त्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना वाचता येईल अशा भाषेत जमा करणे बंधनकारक असावे.